‘ग्रूव्ह’ला ठेका म्हणावं का?

प्रश्न असा : एका स्मूद जॅझ (जॅझचा हलका, कानाला सोपा प्रकार) कीबोर्डवादकाच्या अल्बमची ओळख मराठीत लिहायची आहे. मूळ मजकुरात त्याला ‘ग्रूव्ह-ड्रिव्हन, सोल-इन्फ्लुएन्स्ड’ म्हटलंय आणि भाषांतराच्या यंत्राने हातात ठेवलंय ‘खोबणी-चालित, आत्म्याने प्रभावित’.

सोपं आधी उरकू. सोल हे इथे संगीतप्रकाराचं नाव आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूजमधून तो घडला. त्याचा आत्मा करू नका, वाचक भजनं समजून बसेल. ‘प्रभावित’चीही गरज नाही. आपल्या गाण्याबजावण्यात ‘अंग’ हा शब्द तयारच आहे : ठुमरीच्या अंगाने गाणं, गायकी अंगाची सतार. तसाच सोलच्या अंगाने जाणारा अल्बम.

खोबण यंत्राने अगदीच हवेतून आणलेली नाही. ग्रूव्ह म्हणजे खाच, रेकॉर्डवर सुई जिच्यातून फिरते तीसुद्धा. १९३०च्या दशकात जॅझवाले रंगात आलेल्या वादकाला ‘इन द ग्रूव्ह’ म्हणू लागले. मराठीत मात्र खाच आणि खोबण सुतारांकडेच राहू द्यावी.

आता खरा पेच. ताल, लय, ठेका यांतलं काय घ्यावं? लय म्हणजे गती, ताल म्हणजे मात्रांचा आराखडा. दोन्ही कागदावर मांडता येतात, ग्रूव्ह येत नाही. मात्रा आठच असतात, पण भजनी ठेका सुरू झाला की हात टाळाकडे जातो आणि ढोलकीवर केरव्याची लग्गी (जलद, खेळकर बोलांची वाजवणी) लागली की मान आपोआप हलते. फरक आराखड्याचा नाही. वजन कुठे पडतं, कुठला बोल किंचित मागे रेंगाळतो, याचा आहे. ग्रूव्ह म्हणतात ते हेच. म्हणून माझं मत ठेक्याला. ‘पायांनी ठेका धरला’ असं आपण रोज म्हणतोच.

एक अडचण उरते. आपला ठेका तबलजीचा किंवा ढोलकीवाल्याचा असतो, ग्रूव्ह सगळ्यांचा मिळून होतो. अमेरिकी जॅझ पियानोवादक रॅमसे लुईस यांचा १९७४चा ‘सन गॉडेस’ हा अल्बम ऐका. शीर्षकाची रचना आठ मिनिटांहून मोठी आहे. गिटारचा एक छोटा तुकडा परत परत येतो, त्याखाली बास आणि ड्रम्स, वर शब्दांविना नुसते स्वर गाणारे गळे, आणि या सगळ्यात लुईस यांचा इलेक्ट्रिक पियानो. यातलं एक वाद्य काढलं तरी डौल मोडतो. सोबतीला होते मॉरिस व्हाइट, ६०च्या दशकात लुईस यांच्याच त्रिकुटात ड्रम्स वाजवणारे आणि नंतर ‘अर्थ, विंड अँड फायर’ हा सोल वाजवणारा बँड उभा करणारे. कीबोर्डवाल्याच्या अल्बममध्ये सोल येतो तो असा, माणसांच्या ओळखीतून. अशा ठिकाणी, म्हणजे बँडच्या एकत्र वाजण्याबद्दल लिहिताना, सरळ ‘ग्रूव्ह’ लिहावं. मराठी वादकही तेच म्हणतात.

‘स्मूद’चंही भाषांतर टाळा. ‘गुळगुळीत’ म्हटलं की मराठीत टोमणा होतो (काही जॅझप्रेमींना तो रास्तच वाटेल). हे नाव मुळात रेडिओवाल्यांनी रुळवलं. लॉस एंजेलिसचं ‘द वेव्ह’ हे रेडिओ केंद्र १९८७मध्ये सुरू झालं आणि मग तशी केंद्रं इतर शहरांतही निघाली. शिकागोच्या अशाच एका केंद्रावर पुढे खुद्द लुईस सकाळचा कार्यक्रम करत.

राहता राहिला ‘ड्रिव्हन’. ‘चालित’ आणि ‘प्रेरित’ ही सरकारी परिपत्रकातली मंडळी. वाक्यच फिरवा : ‘अल्बम ठेक्यावर उभा आहे आणि सोलच्या अंगाने जातो.’ मथळ्यात जागा कमी असेल तर ‘ठेका धरायला लावणारा’ पुरे. ‘लयबद्ध’ तेवढं लिहू नका. लयबद्ध तर शाळेतली कवायतही असते.