बायबलमधला देवाचा न्याय आजच्या नीतीत बसतो का?

तुमचा प्रश्न असा की, प्रलय आणणारा, शहरंच्या शहरं जाळणारा बायबलमधला देव आजच्या नीतीच्या कसोटीवर टिकतो का, आणि त्या न्यायनिवाड्याचा आज कुणाला उपयोग आहे का. मी पुण्यातली मराठी ख्रिस्ती. मंडळीत संडे स्कूलला शिकवते, त्यामुळे हाच प्रश्न मला मोठ्यांपेक्षा नववी-दहावीतली मुलं जास्त विचारतात.

माझं म्हणणं आधीच सांगते. हा न्याय ऐकणाऱ्याने स्वतःला लावून घ्यायचा असतो. तो शेजाऱ्यावर ढकलला की तिथून क्रौर्य सुरू होतं.

सदोम हे नगर देवाने पापासाठी आग पाडून नष्ट केलं, ती आग बायबल वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असते. त्याआधी काय घडतं, ते फार कुणी वाचत नाही. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर नगर वाचवशील ना? पंचेचाळीस असले तर? चाळीस, तीस, वीस करत तो दहावर येतो. साऱ्या जगाचा न्यायाधीशच न्याय करणार नाही का, असं देवाला तोंडावर विचारतो. देव चिडत नाही, दर वेळी कबूल होतो. म्हणजे देवाच्या न्यायाला जाब विचारायचं धाडस तुमच्या-माझ्या पिढीने आणलेलं नाही, ते पहिल्याच पुस्तकात आहे.

आणि सदोमचं पाप कोणतं? यहेज्केल हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा, त्याच्या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात सांगतो: गर्व, अन्नाची चंगळ, निवांतपणा, आणि एवढं असूनही गरीब-गरजूंना हात न देणं. पुढे अमंगळ कृत्यांचाही उल्लेख येतो, पण सुरुवात इथून होते. हे वाचून दाखवलं की मुलं माझ्याकडे बघायला लागतात. भरल्या पोटाचं शहर त्यांनाही ओळखीचं आहे.

माझा सगळ्यात आवडता संदेष्टा आमोस. तकोवा गावचा मेंढपाळ, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. त्याच्या पुस्तकाची सुरुवात बघा. आजूबाजूच्या नगरांचे आणि राज्यांचे अपराध तो मोजतो: दिमिष्काचे, गज्जाचे, सोरचे, अदोमचे, अम्मोनचे, मवाबचे. शत्रूंची नावं एकेक करून येतात, ऐकणारे खूश होत असणार. मग यहूदाचं, म्हणजे आमोसच्या स्वतःच्या राज्याचं, नाव येतं. आणि शेवटी ज्यांच्यासमोर तो उभा आहे त्या शेजारच्या इस्राएल राज्याचं, आणि तो दोषारोप सगळ्यांत लांबलचक. तुम्ही नीतिमानाला पैशासाठी विकता, गरिबाला एका वहाणांच्या जोडासाठी. आठव्या अध्यायात तर तो थेट धान्याच्या दुकानात शिरतो: माप लहान, वजन जड, तराजू खोटा, आणि गव्हात भुसा. सण कधी संपतोय आणि धंदा कधी उघडतोय, याची या भाविक मंडळींना घाई.

आता आपल्याकडे बघा. सकाळी मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभा असलेला माणूस टेम्पोत बसून जातो, दिवसभर स्लॅबवर राबतो, आणि संध्याकाळी मुकादम म्हणतो, ‘उद्या बघू.’ उद्या मुकादमाचा फोन बंद. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या नियमांच्या पुस्तकाचा २४वा अध्याय सांगतो की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या; तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे, तो परमेश्वराकडे गाऱ्हाणं करील आणि तुम्हाला पाप लागेल. ज्याच्याकडे ना पावती ना करार, त्याचीही कुठेतरी दाद लागते, हे या न्यायाचं मूळ आहे. देव न मानणाऱ्यालाही यात आक्षेप घ्यावा असं काय आहे?

याउलट, संकट आलं की ‘पापाचा घडा भरला होता’ म्हणायची आपली सवय. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या घरी त्या पुराच्या गोष्टी निघाल्या की कुणीतरी हे वाक्य म्हणायचंच. धरणाचं काम अपुरं असताना त्यात पाणी साठलं होतं; त्यात नारायण पेठेतल्या बिऱ्हाडांचं काय पाप? लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, १३व्या अध्यायात येशूपुढे असाच विषय निघतो. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का? येशू स्पष्ट ‘नाही’ म्हणतो, आणि लगेच ऐकणाऱ्यांकडे वळतो: तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा हिशेब मांडायचा अधिकार तो कुणालाच देत नाही.

बायबल स्वतःशीही भांडतं. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा २०वा अध्याय म्हणतो, वडिलांच्या अन्यायाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. यहेज्केल त्याच्या १८व्या अध्यायात ते साफ खोडून काढतो: मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. आपल्याकडे एकाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून जातपंचायतीने अख्खं घर वाळीत टाकायचं, हे थांबवायला महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली कायदा मंजूर करावा लागला. यहेज्केलने ते अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

सगळंच असं पटत नाही, हेही लिहिते. ‘१ शमुवेल’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात अमालेकी या शत्रू जमातीची तान्ही मुलंसुद्धा मारायची आज्ञा आहे. त्या काळी युद्धं अशीच होत, हे उत्तर मला पुरत नाही, आणि मुलांना मी ते देत नाही. आम्ही तो अध्याय वगळत नाही. वाचतो, आणि अब्राहामाचा प्रश्न तिथेही विचारतो.

तुम्हाला स्वतः वाचून ठरवायचं असेल तर प्रकटीकरण या जगाच्या अंताविषयीच्या शेवटच्या पुस्तकापासून सुरुवात करू नका. आमोस वाचा, नऊच अध्याय आहेत, आणि मग योना या संदेष्ट्याचं पुस्तक. निनवे या शत्रूच्या शहराला माफी मिळाली म्हणून रुसलेला संदेष्टा आणि त्या शहरातल्या १,२०,००० माणसांची आणि गुराढोरांची काळजी करणारा देव, दोघं तिथे भेटतील. वाचून झालं की इथेच लिहा, पुढे बोलू.