मोठ्या माध्यमसमूहांना कायद्याने लगाम घातला तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य वाढेल का?

तुम्ही विचारलंय की चॅनेलं, पेपर आणि वेबसाइटी मूठभर उद्योगपतींच्या हातात जात असताना सरकार कायदा करून त्यांना आवरत का नाही. माझ्या मते, लगाम मालकीला घालता की मजकुराला, यावर सगळं अवलंबून आहे. मजकुराला घालायचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय, आणि त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला होता आपला पुण्याचा 'सकाळ'.

१९५० च्या दशकातही तक्रार हीच होती: बडी वृत्तपत्रं कमी किमतीत जास्त पानं देतात, छोटी मरतात. म्हणून १९५६ साली कायदा झाला आणि १९६० साली त्याखाली आदेश निघाला. इतकी किंमत असेल तर आठवड्याला इतकीच पानं. नानासाहेब परुळेकरांचा 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा आणि रविवार सोडून सहा दिवसांत मिळून ३४ पानं द्यायचा. आदेशाप्रमाणे त्या किमतीत बसत होती २४. म्हणजे पानं कापा, नाहीतर भाव वाढवा. मक्तेदारी मोडायला निघालेला कायदा पुण्यातल्या एका मराठी दैनिकाच्या मानगुटीवर बसला!

सप्टेंबर १९६१ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो रद्द केला. निकाल लिहिला न्या. मुधोळकरांनी. भाव वाढला की खप घटतो, पानं घटली की मजकूर घटतो, आणि लोकांपर्यंत पोचणं हाही बोलण्याच्या हक्काचाच भाग. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही फक्त धंद्याचं नियमन करतोय. कोर्टाने ते मानलं नाही. 'जनहित' एवढ्या कारणावर धंद्याला बंधन घालता येतं. बोलण्यावर घालायचं तर घटनेच्या कलम १९(२) मधलंच कारण (देशाची सुरक्षा, बदनामी वगैरे) लागतं.

इंटरनेटवर पानांची मोजणी संपली, पण हे तत्त्व कामी आलं. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातल्या एकीने तर नुसतं लाइक केलं होतं. अशा अटकांमागचं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं, तेव्हा 'सकाळ' खटल्याचाही आधार घेतला. केंद्राच्या कारभाराबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा आहे का, हे केंद्राच्याच फॅक्ट चेक युनिटने ठरवायचं, हा नियम मुंबई हायकोर्टाने २०२४ मध्ये मोडीत काढला. बरंच झालं. आरोपीनेच पंचनामा लिहायचा म्हणजे काय?

पण या निकालांनी तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही. खुद्द 'सकाळ' १९८५ मध्ये शरद पवारांचे बंधू प्रतापराव पवार यांच्याकडे गेला. एनडीटीव्ही २०२२ अखेर अदानी समूहाकडे गेली. दोन्ही व्यवहारांत कुणाचं एक वाक्यही कापावं लागलं नाही, त्यामुळे १९(२) ला तिथे काही कामच नव्हतं.

मालकीवरचे उपाय वेगळे आहेत आणि ते सुचवूनही झालेत. ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या सरकारी नियामकाने, २०१४ मध्ये सांगितलं होतं की राजकीय पक्ष आणि सरकारी संस्थांना या धंद्यात येऊ देऊ नये, आणि एकाच भाषेच्या बाजारात टीव्ही व छापील वृत्तपत्रं दोन्हींवर एकाच मालकाची पकड बसू देऊ नये. तसा कायदा झाला नाही. पक्षांना स्वतःची चॅनेलं आणि पेपर सोडायचे नाहीत, हे त्याचं उघड कारण, निदान माझ्या मते. तुम्हाला मागणी करायचीच असेल तर ही करा.