‘ग्रस्त’ खोडलं, मग त्या जागी काय लिहू?

प्रश्न : ताई, माझा भाचा 11 वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलत नाही पण टॅबवर टाइप करून सगळं सांगतो. त्याच्यावर मी एक लेख लिहिला, अगदी मनापासून. त्यात ‘ऑटिझमग्रस्त’, ‘स्वतःच्याच जगात हरवलेला’, ‘बुद्धीने जेमतेम 4 वर्षांचा’ असं होतं. बहिणीने वाचला आणि एवढंच म्हणाली, हा माझा मुलगा नाहीये गं. तेव्हापासून मला चैन नाही. काय चुकलं?

उत्तर : तुझी माया पत्रातून दिसतेच, त्याबद्दल शंका नाही. पण मला सांग, लिहिताना तुझ्या डोळ्यासमोर वाचणारं कोण होतं? भाचा टाइप करतो म्हणजे वाचतोही, आणि तो हा लेख वाचेल हे तू धरलंच नव्हतंस. मला वाटतं चूक तिथे झाली, शब्दांचं नंतर.

आता शब्द. ‘ग्रस्त’ आपण कुठे लावतो बघ, पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, म्हणजे बाहेरून आलेलं संकट, जे टळलं की माणूस पुन्हा होता तसा. ऑटिझम तसा नसतो, ती मेंदूची मुळातलीच घडण आहे, आवाज, उजेड, स्पर्श, भाषा सगळं त्याच्यापर्यंत त्यातूनच पोचतं. म्हणून ‘पीडित’, ‘रुग्ण’, ‘ऑटिझमवर मात’ हेही नको. सरळ ‘ऑटिस्टिक मुलगा’ लिही. काही जण म्हणतील की ‘ऑटिझम असलेला मुलगा’ लिहावं, आधी माणूस दिसला पाहिजे, आणि ती पद्धत चांगल्या हेतूनेच आली, पण जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी 1999 मध्येच त्याला हरकत घेतली होती, ऑटिझम माझ्यापासून वेगळा काढता येतच नाही असं त्यांचं म्हणणं. 2016 मध्ये ब्रिटनमधलं एक मोठं सर्वेक्षण छापून आलं त्यातही ऑटिस्टिक प्रौढांचा कल ‘ऑटिस्टिक’कडे होता आणि ऑटिझमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या तज्ज्ञांचा ‘ऑटिझम असलेला’कडे. अर्थात सगळ्यांना एकच शब्द आवडतो असं नाही. तुझं बरंय, तुला भाच्याला विचारता येतं.

‘स्वतःच्या जगात हरवलेला’ याबद्दल मात्र जरा जास्त बोलते, कारण हे वाक्य दिसायला हळवं आहे आणि इतिहास फार वाईट आहे. ऑटिझम हा शब्दच ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरून आला, ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने तो आधी स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या संदर्भात वापरला, मग 1943 मध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने 11 मुलांबद्दल लिहिताना घेतला. ऑटिस्टिकसाठी आपला ‘स्वमग्न’ हा शब्दही त्याच वळणाचा. पुढे मूल आत मिटून बसलंय असं धरलं की त्याला कोणी मिटायला लावलं हा प्रश्न आलाच, आणि बोट गेलं आईकडे! आईची माया थंड म्हणून मूल असं झालं, अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणायचे, 1960 च्या दशकातसुद्धा हे गंभीरपणे लिहिलं जायचं. ते खोटं ठरलं, पण किती आयांनी ते उरावर वागवलं असेल. ‘स्वमग्न’ म्हणणारी खूप घरं आहेत, त्यांना मी चूक म्हणणार नाही, पण ‘हरवलेला’ काढ. तो हरवलेला नाही, तो टॅबवर बोलतोय. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक, त्यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, आपल्यालाही त्यांचं कळत नाहीच की.

‘बुद्धीने 4 वर्षांचा’ हे तर आधी खोड. तो 11 वर्षं जगलाय. त्याला बूट घालायला मदत लागत असेल तर तेवढंच लिही. ‘हाय फंक्शनिंग’ म्हणजे बरंच जमणारा, ‘लो फंक्शनिंग’ म्हणजे फारसं न जमणारा, या शिक्क्यांचंही तेच, पहिल्याला गरज असून मदत मिळत नाही आणि दुसऱ्याचं कोणी ऐकून घेत नाही.

आणि कृपा करून अडचणी लपवू नकोस, सगळं गोड लिहिणं हाही अन्यायच. फक्त ‘तमाशा करतो’च्या जागी काय घडलं ते लिही, गोंगाट वाढला, त्याने कान दाबले, खाली बसला, रडला. त्याला मेल्टडाऊन म्हणतात, तो हट्ट नव्हे. ऐकलेली वाक्यं पुन्हापुन्हा म्हणणाऱ्या मुलांबद्दल लोक ‘पोपटपंची’ लिहितात, त्यात पुष्कळदा निरोप असतो, तो शोधायला हवा.

लेख नव्याने लिहिलास की छापायच्या आधी भाच्याला दाखव. तो म्हणाला हा परिच्छेद नको, तर तो कितीही छान उतरला असला तरी काढ.

प्रश्न : एखादं सरकार लोकांचं ऐकत नाही तेव्हा ‘ऑटिस्टिक सरकार’ लिहिलं तर बिघडलं कुठे, ती उपमा आहे.

उत्तर : बिघडतं, कारण ऑटिस्टिक माणसं ऐकत नाहीत किंवा त्यांना दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं हे मुळात खरं नाही. ‘बहिरं प्रशासन’, ‘लंगडी सबब’ हीसुद्धा त्याच घरची. आणि तुमची टीकाही त्यामुळे बोथट होते हो, प्रशासनाला ऐकू येतं, त्याने अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला, तर तसंच लिहा ना.