टोमॅटोची बगलफूट काढताना

आधी जात कोणती ते बघा. झुडपासारखी वाढून थांबणारी असेल तर पहिल्या फुलगुच्छाखालची बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यात येणारी नवी फांदी) काढा आणि पुढे हात लावू नका. तिथं फांद्या घटल्या की फळंही घटतात. उंच वाढत जाणाऱ्या जातीला मात्र एक-दोन खोडंच ठेवा. फळं थोडी कमी, पण मोठी येतात, हवा खेळते, करपा रोगही आटोक्यात राहतो.

पान आणि खोडाच्या बेचक्यातली फूट ५ सेंमीच्या आत असतानाच, झाड कोरडं असताना, बोटांनी मोडा. दर आठवड्याला.

नवखे इथं चुकतात:
- घाईत शेंडाच खुडतात.
- फूट समजून फुलगुच्छ तोडतात. गुच्छ बेचक्यातून नाही, थेट खोडातून निघतो.
- एका दिवसात झाड बोडकं करतात. मग एप्रिलच्या उन्हात फळांवर पांढरे चट्टे पडतात.

तंबाखू मळली असेल तर हात साबणानं धुवूनच झाडाला लावा. झाडाला रोग लावणारा विषाणू तंबाखूतूनही पसरतो.