ऊन पडलंय, तर केंटकडे निघा

इंग्लंडच्या या कोपऱ्यात पहिल्यांदाच जाताय ना? मग एका दिवसात चार किल्ले कोंबू नका. बोडियमचा किल्ला आणि सिसिंगहर्स्टची बाग, दोनच पुरेत.

सकाळी बोडियम. तसा तो केंटला लागून असलेल्या ईस्ट ससेक्समध्ये. 1385 साली बांधायला घेतलेला, चारही बाजूंनी पाण्याचा खंदक. राजगड चढलेल्या माणसाला तो वाड्याएवढाच वाटेल, आणि आतून तर पडकाच आहे. पण बाहेरून बघत राहावं असा. दरवाज्यातून जाताना मान वर करा. छताला गोल भोकं दिसतील, शत्रूच्या डोक्यावर काहीबाही टाकण्यासाठी. खंदकातले गलेलठ्ठ कार्प मासे मुलांना दाखवा. आणि गंमत म्हणजे हा किल्ला नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेला, दिला तो 1925 साली वारलेल्या लॉर्ड कर्झननं. होय, बंगालची फाळणी करणारा तोच!

दुपारी सिसिंगहर्स्ट. विटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरॉल्ड निकल्सन या लेखक जोडप्यानं 1930 मध्ये मोडकी जागा घेऊन ही बाग उभी केली. गुलाबांसाठी जूनच गाठा. पांढऱ्या फुलांची बाग घाईत उरकू नका. मनोऱ्याचा जिना अरुंद आहे, गुडघेदुखीवाल्यांनी खालीच बसावं.

दोन्ही जागा नॅशनल ट्रस्टच्या, सदस्यत्वाचं एकच कार्ड चालतं. इंग्लिश हेरिटेज ही दुसरी संस्था, तिचं कार्ड वेगळं. मी एकदा तेच घेऊन गेलो आणि गुपचूप पूर्ण तिकीट काढलं. जूनमध्ये उजेड नऊपर्यंत असतो, म्हणून रेंगाळू नका, फाटकं पाचच्या सुमारास बंद होतात. पोळीभाजी सोबत घ्या. आणि कितीही ऊन असलं तरी जॅकेट गाडीत राहू द्या.