न्यूज अ‍ॅग्रिगेटरवर आमच्या बातम्या चुकीच्या फोटोसह, भलत्या वेळेसह आणि दोन-दोनदा दिसतात, काय करावं?

हे तिन्ही त्रास मी एका न्यूज साइटचं फीड, म्हणजे बातम्यांची मशीनने वाचायची यादी, सांभाळताना भोगलेत. ठिकठिकाणच्या बातम्या एकत्र दाखवणारा अ‍ॅग्रिगेटर हीच यादी वाचतो. अ‍ॅग्रिगेटरला मेल करायच्या आधी तुमचं फीड उघडून बघा, वेबपेज नाही, फीड. वाचकाला जे सुंदर पान दिसतं त्यातलं बरंचसं अ‍ॅग्रिगेटर बघतच नाही, फीडमध्ये आणि पानाच्या हेड भागातल्या टॅगमध्ये तुम्ही जे लिहून दिलंय तेच तो खरं मानतो.

दोनदा दिसण्याचं आधी सांगतो कारण त्याने सगळ्यात जास्त नाचक्की होते. आरएसएस २.० मध्ये, म्हणजे फीड लिहिण्याच्या एका प्रमाण पद्धतीत, प्रत्येक बातमीला जीयूआयडी टॅग देता येतो, ती त्या बातमीची ओळख. आमच्याकडे एकदा रात्री डेस्कवर कोणीतरी हेडलाइनमधली एक वेलांटी सुधारली, सीएमएसने, म्हणजे बातम्या चढवायच्या सॉफ्टवेअरने, लगेच हेडलाइनवरून नवीन यूआरएल बनवली आणि आमचा जीयूआयडी म्हणजे यूआरएलच होती, झालं, अ‍ॅग्रिगेटरला वाटलं ही नवी बातमी. वर सुधारलेली हेडलाइन, खाली चुकीची, आणि चुकीचीवर क्लिक केलं की ४०४, म्हणजे पानच सापडत नाही. म्हणून जीयूआयडीमध्ये डेटाबेसमधला न बदलणारा नंबर द्या, त्याला इज-पर्मालिंक फॉल्स (ही लिंक नाही असं सांगणारी खूण) लावा, जुन्या यूआरएलवरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) ठेवा आणि पानाची अधिकृत लिंक सांगणाऱ्या कॅनॉनिकल टॅगमध्ये एकच पक्की लिंक द्या.

वेळेचा घोळ बहुतेकदा टाइमझोनचा असतो. फीडच्या पबडेटला (प्रकाशनाच्या वेळेचा टॅग) आरएफसी ८२२ पद्धतीची तारीख लागते, पानातल्या न्यूजआर्टिकल स्कीमाला (मशीनसाठी लिहिलेली बातमीची माहिती) आयएसओ ८६०१ पद्धतीची, आणि दोन्हीकडे ऑफसेट, म्हणजे जीएमटीपासूनचा फरक, लिहायचा. बरेच सीएमएस स्थानिक वेळ घेऊन तिच्यापुढे नुसतं जीएमटी चिकटवतात, मग तुमचं घड्याळ जीएमटीच्या पुढे असेल तर बातमी भविष्यातली ठरते आणि ती वेळ येईपर्यंत काही ठिकाणी दाखवलीच जात नाही. आणि कृपा करून प्रत्येक दुरुस्तीला पब्लिशची तारीख बदलू नका, त्यासाठी स्कीमात डेटमॉडिफाइड, म्हणजे दुरुस्तीची तारीख, आहे, जुनी बातमी ताजी म्हणून पुढे ढकलणं ही वाचकाची फसवणूक आहे असं मला मनापासून वाटतं.

चुकीच्या फोटोचं, म्हणजे बातमीच्या फोटोऐवजी साइटचा लोगो वगैरे दिसण्याचं, कारण मला वाटतं लेझी लोडिंग, म्हणजे वाचक खाली येईल तसतसे फोटो उघडणं. त्यात खऱ्या फोटोचा पत्ता डेटा-एसआरसीमध्ये जातो, नेहमीच्या एसआरसीमध्ये रिकामं चित्र उरतं, मग अ‍ॅग्रिगेटर जे सापडेल ते उचलतो. फीडसाठी लेझी लोडिंग बंद करा, ओजी-इमेजमध्ये (शेअर करताना दिसणाऱ्या फोटोचा टॅग) त्या बातमीचाच फोटो पूर्ण यूआरएलसकट द्या, अर्धवट रिलेटिव्ह पाथ नको. गूगल डिस्कव्हरमध्ये (गूगल अ‍ॅपमधली सुचवलेल्या बातम्यांची यादी) फोटो मोठा दिसायला तो किमान १२०० पिक्सेल रुंद लागतो आणि सर्च इंजिनला सूचना देणाऱ्या रोबोट्स टॅगमध्ये मॅक्स-इमेज-प्रीव्ह्यू लार्ज असावं लागतं.

किरकोळ दोन गोष्टी, अवतरण चिन्हाच्या जागी अँपरसँडवाला कचरा दिसत असेल तर मजकूर दोनदा एस्केप होतोय, म्हणजे खास चिन्हांचं कोडमध्ये रूपांतर दोनदा होतंय, आणि वार्ताहराचं नाव आरएसएसच्या ऑथर टॅगमध्ये टाकू नका कारण तिथे ईमेल अपेक्षित आहे, नाव डब्लिन कोअर या जोड टॅगसंचातल्या क्रिएटर टॅगमध्ये जातं. गूगलसाठी न्यूज साइटमॅप (ताज्या बातम्यांच्या लिंकची फाइल) असेल तर त्यात फक्त गेल्या २ दिवसांतल्या बातम्या ठेवा, एका फाइलमध्ये जास्तीत जास्त १०००.

सगळं झालं की डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या फीड व्हॅलिडेटरमध्ये (फीड तपासायचं साधन) फीडची लिंक टाका, फुकट आहे आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतो. फक्त जीयूआयडी बदलताना एक सांभाळा, नवी पद्धत आजपासूनच्या बातम्यांनाच लावा, आधीच फीडमध्ये असलेल्यांचा जीयूआयडी आहे तसाच राहू द्या, नाहीतर त्या सगळ्या एकदम नव्या म्हणून परत झळकतील.