वाचकांचे प्रश्न : प्रवासात पैसा आणि मौल्यवान वस्तू

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून पुढील महिन्यात लांबच्या प्रवासाला निघत आहोत. बरोबर रोख रक्कम, कार्डे, पासपोर्ट आणि थोडे दागिने असतील. सगळे एकाच पिशवीत ठेवले की लक्ष ठेवणे सोपे जाते, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मला मात्र त्याची धास्ती वाटते. आपले मत काय?

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. एका पिशवीवर लक्ष ठेवणे सोपे असते हे खरे, पण तिकीट दाखवताना, सामान चढवताना किंवा रस्ता विचारताना ते लक्ष हटतेच आणि चोर नेमकी तीच वेळ साधतो. त्यामुळे पैसे लपवायचे कसे, यापेक्षा ते वाटून कसे ठेवायचे, याचा विचार आधी करावा. एक चोरी झालीच, तरी त्या दिवशीचा मुक्काम आणि परतीचा प्रवास अडू नये, इतकी तरतूद दुसऱ्या जागी असली पाहिजे. दिवसभराच्या खर्चापुरती रक्कम आणि एक कार्ड पाकिटात ठेवावे. बाकीची रक्कम कपड्यांच्या आतल्या चोरखिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात असावी, आणि दुसऱ्या खात्याचे कार्ड तुमच्यापैकी दुसऱ्याकडे असावे. चोरखिसा चारचौघांत उघडू नये. त्यातून पैसे काढायचे असतील, तर ते सकाळी खोलीतच काढून घ्यावेत, कारण एकदा कोणी पाहिले की तो चोरखिसा राहत नाही.

दागिन्यांविषयी स्पष्टच सांगते : ते घरी सुरक्षित ठेवून जा. हरवले तर ज्याची भरपाई पैशाने होणार नाही, अशी वस्तू प्रवासात नसावी.

आता चोर काम कसे करतात, हे थोडे सविस्तर सांगते, कारण ते ठाऊक असले की पुष्कळसा बचाव आपोआप होतो. पाकीटमार बहुधा एकटा नसतो. एक जण दारात अचानक थांबून वाट अडवतो, दुसरा मागून रेटतो आणि त्या धक्क्यात तिसरा पाकीट काढून लगेच चौथ्याच्या हाती देतो. त्यामुळे संशय घेऊन एखाद्याला पकडले, तरी त्याच्याजवळ काही सापडत नाही. अंगावर काहीतरी सांडल्याचे दाखवून पुसायला धावणारा अनोळखी माणूस किंवा सहीसाठी कागद थेट छातीपाशी धरणारा माणूस हेही याच तंत्राचे प्रकार आहेत. अशा वेळी आधी सामानावर हात ठेवून बाजूला व्हावे आणि डाग नंतर पुसावा. ‘पाकीटमारांपासून सावध राहा’ ही पाटी वाचताच अनेकांचा हात नकळत खिशाकडे जातो, आणि जवळच उभ्या असलेल्या चोराला पाकीट कुठे आहे ते आयतेच कळते.

पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवू नये, आणि गर्दीत पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी. मोठ्या बॅगेच्या चेनला कुलूप लावले म्हणजे काम झाले, असेही समजू नका. साध्या बॉलपेनचे टोक दाबून चेनचे दात फाकवता येतात, आणि नंतर कुलपासकट पकडी चेनवरून मागे-पुढे फिरवली की ती पुन्हा पूर्ववत मिटते. बॅग उघडली होती, हे घरी पोहोचेपर्यंत कळतही नाही. म्हणून त्या बॅगेत फक्त कपडे ठेवावेत. गाडीत झोप येणार असेल, तर लहान पिशवीचा पट्टा दंडात किंवा पायात अडकवून झोपावे. सामान डोक्यावरच्या फळीवर ठेवण्याऐवजी समोरच्या बाजूच्या फळीवर ठेवले, तर ते बसल्या जागेवरून दिसते. गाडी थांब्यावरून सुटण्याच्या बेतात असताना अधिक सावध असावे, कारण दार मिटता मिटता वस्तू हिसकावून उतरणाऱ्याचा पाठलाग करता येत नाही.

प्रश्न : माझे बँकेचे सगळे व्यवहार फोनवरच होतात. प्रवासात फोन चोरीला गेला तर?

उत्तर : हल्ली पाकिटापेक्षा फोनचीच काळजी जास्त करावी लागते. काही चोर आधी शेजारी उभे राहून तुम्ही टाकलेला पासकोड पाहतात आणि मग फोन लांबवतात. त्यामुळे गर्दीत फोन बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडावा, आणि बँकेच्या ॲपचा पिन वेगळा असावा. आयफोनमध्ये जानेवारी 2024 पासून अशी सोय आहे की ओळखीच्या ठिकाणापासून दूर असताना ॲपल खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा ठसा लागतो आणि वर तासभर थांबावे लागते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये फोन हिसकावून पळाल्याची हालचाल ओळखून पडदा बंद होण्याची सोय त्याच वर्षी येऊ लागली. या सोयी सेटिंग्जमध्ये सुरू आहेत का, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

सिमकार्डाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. फोन बंद असला, तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याला मिळू लागतात. त्यावर उपाय म्हणजे सिमला पिन लावणे. हा पिन तीनदा चुकला की सिम अडते आणि पीयूके नावाचा आठ अंकी क्रमांक मागते; म्हणून मूळ पिन आणि पीयूके कंपनीकडून आधी मागून घ्यावेत. फोनवर *#06# दाबले की आयएमईआय, म्हणजे त्या फोनची स्वतंत्र ओळख असलेला 15 अंकी क्रमांक दिसतो. तो आणि बँकेचा कार्ड बंद करण्याचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून पाकिटापासून वेगळा ठेवावा.

प्रश्न : हॉटेलच्या खोलीतील तिजोरी भरवशाची असते का?

उत्तर : बेताचीच. विसरलेल्या पाहुण्यांसाठी ती उघडण्याचा वेगळा संकेतांक व्यवस्थापनाकडे असतो, आणि कित्येकदा तो बसवल्यापासूनचाच, म्हणजे सलग शून्ये अशा स्वरूपाचा राहून जातो. तिजोरी रिकामी असताना बंद करून असे एक-दोन अंक वापरून पाहावेत; उघडली तर तिच्यात काही ठेवू नये. पासपोर्टची छायाप्रत मूळ पासपोर्टपासून वेगळी ठेवा. पासपोर्ट गेलाच, तर पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत लगेच घ्या. ती दूतावासात उपयोगी पडते आणि विमा कंपनीही मागते. मात्र राखणीविना सोडलेल्या सामानाची भरपाई अनेक पॉलिसी नाकारतात, तेवढे कलम निघण्यापूर्वी वाचून घ्यावे.